लहान गाड्यांमध्ये इंजिन बदलणे आणि शक्ती-वजन गुणोत्तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत जुन्या लहान गाड्या जिवापाड सांभाळणारी मंडळी बरीच आहेत. त्यांच्याकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते : गाडी घाटात दमते, उड्डाणपुलाच्या चढावर मागचे हॉर्न वाजवतात, तेव्हा मोठे इंजिन बसवावे का? माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आधी गाडीचे वजन पाहावे, मग असलेल्या इंजिनाची तब्येत तपासावी, त्यानंतर चाके आणि गिअर यांचा विचार करावा, आणि हे सगळे झाल्यावरच इंजिन बदलण्याची गोष्ट काढावी. पुढील उत्तरांत अश्वशक्तीचे आणि वजनाचे आकडे ढोबळ आहेत, कारण एकाच गाडीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत ते थोडेफार बदलतात.

१. शक्ती-वजन गुणोत्तर म्हणजे नेमके काय आणि ते कसे काढायचे?

इंजिनाची कमाल अश्वशक्ती भागिले गाडीचे टनांतील वजन, एवढाच हा हिशोब आहे. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाच्या मारुती ८०० ची शक्ती सुमारे ३७ अश्वशक्ती आणि वजन सुमारे ६५० किलो धरले, तर गुणोत्तर ५७ अश्वशक्ती प्रतिटन येते. सुमारे ७५० किलोच्या आणि ६० अश्वशक्तीच्या झेनसाठी तेच गुणोत्तर ८० येते. दोन्ही गाड्या चालवलेल्या माणसाला हा फरक आकड्यांशिवायही ठाऊक असतो.

मात्र हा भागाकार रिकाम्या गाडीचा आहे आणि रिकामी गाडी रस्त्यावर कधीच धावत नाही. चालक धरून एक आकडा आणि सर्व माणसे व सामान धरून दुसरा, असे दोन आकडे काढण्याची सवय लावावी. त्याचे कारण प्रश्न ३ मध्ये दिले आहे.

२. आरसीवर वजन लिहिलेले असतेच, मग वजनकाट्यावर कशाला जायचे?

आरसीवरील वजन कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचे असते, आपल्या आजच्या गाडीचे नव्हे. वीस वर्षांत गाडीत काय काय साठते याची कल्पना काट्यावर चढवल्याशिवाय येत नाही. मी माझी ८०० पनवेलच्या बाजूला एका वजनकाट्यावर नेली होती. अशा काट्यांवरील आकडा बहुधा पाच किंवा दहा किलोंच्या टप्प्यानेच सरकतो, म्हणून गाडी तीनदा चढवून पाहिली आणि तिन्ही वेळा मी खाली उतरलेला असताना ६९० किलो भरले. मग डिकी उघडली. पान्यांचे दोन संच, जुन्या सुट्या भागांची अर्धी गोणी, स्पीकरची लाकडी पेटी, पाच लिटर कूलंटचा कॅन आणि कधीतरी बदललेला स्टार्टर, असे सगळे बाहेर काढल्यावर काटा ६५० वर आला. चाळीस किलोंचे ओझे मी कित्येक वर्षे विनाकारण वाहत होतो.

३. कागदावर गुणोत्तर चांगले असूनही पाच जण बसले की गाडी का दमते?

लहान गाडीत माणसांचे वजन गाडीच्या वजनाच्या मानाने फार मोठे असते. वरच्याच ८०० मध्ये ६५ किलोचा एकटा चालक असेल तर गुणोत्तर ५२ च्या आसपास राहते. पाच माणसे आणि ४० किलो सामान झाले की एकूण वजन १०१५ किलो होते आणि गुणोत्तर ३६ वर घसरते, म्हणजे सुमारे तीस टक्क्यांची घट होते. दीड टनाच्या, ११० अश्वशक्तीच्या मोठ्या गाडीत तितकीच माणसे आणि तितकेच सामान चढले, तर घट सोळा टक्क्यांच्या आसपास असते. मोठ्या गाडीच्या मालकाला जो भार जाणवतही नाही, तो लहान गाडीला कंबर मोडल्यासारखा वाटतो.

गणपतीला कोकणात निघालेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. पाच जण, मागे पिशव्या, पूजेचे सामान, आणि कशेडी घाटासारखा रस्ता. हिशोबापुरता चढ आठ टक्के आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरू. १०१५ किलो वजन त्या चढावर वर खेचण्यासाठीच सुमारे १५ अश्वशक्ती लागते. टायरच्या घर्षणाला जवळपास तीन आणि हवेच्या विरोधाला एक ते दीड अश्वशक्ती धरली की चाकांवर १९ पाहिजे. गिअरबॉक्स आणि एक्सलमध्ये जाणारा वाटा मिळवला की इंजिनाकडून २१ ते २२ मागितली जाते आणि एसी चालू असेल तर आणखी तीन-चार. आता या इंजिनाची ३७ अश्वशक्ती मिळते ती मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास. तीन हजार फेऱ्यांवर त्याच्याकडे साधारण २५ अश्वशक्तीच असते, म्हणजे जेवढी मागणी तेवढाच पुरवठा, आणि ओव्हरटेकसाठी शिल्लक काहीच नाही. घाट लागला की एसी बंद करून खालचा गिअर टाकण्याची जुन्या चालकांची सवय याच हिशोबावर उभी आहे.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटर उंचीमागे ढोबळमानाने एक टक्का शक्ती गमावते. लोणावळ्याला ते फारसे कळत नाही, पण महाबळेश्वरला नक्की कळते.

४. माझी गाडी पूर्वी अशी नव्हती, आता पिकअप गेला आहे. इंजिन बदलू की दुरुस्त करू?

आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. गॅरेजवाल्याकडे गेज असते आणि काम अर्ध्या तासाचे आहे. इंजिन गरम करून सर्व प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहायचा. निरोगी लहान पेट्रोल इंजिनात तो साधारणपणे दीडशे ते एकशे ऐंशी पीएसआय येतो आणि सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक नसतो. एका तीन सिलिंडरच्या इंजिनात मी १६५, १६० आणि १०५ असे आकडे पाहिले आहेत. त्या गाडीचा मालक मोठ्या इंजिनाच्या शोधात होता, प्रत्यक्षात त्याची गाडी पावणेतीनही नव्हे, तर जेमतेम अडीच सिलिंडरांवर चालली होती.

कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेले आहे. वरील गाडीत आकडा १०५ वरून १४० झाला आणि दुरुस्ती रिंगांवर निभावली. कॉम्प्रेशन ठीक असेल तर क्लचप्लेट, एअर फिल्टर, पेट्रोलचा दाब, प्लग, टायमिंग, तुंबलेला सायलेन्सर आणि अर्धवट धरून राहणारे ब्रेक तपासावेत. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये एका हाताने ढकलली जात नसेल, तर दोष इंजिनाचा नाही.

५. इंजिन तसेच ठेवून पिकअप वाढवता येतो का?

काही प्रमाणात नक्की येतो. प्रश्न २ मधील चाळीस किलो कमी केल्याने एकटा चालक असताना गुणोत्तर सुमारे सहा टक्क्यांनी सुधारले, म्हणजे इंजिनात दोन अश्वशक्ती वाढवल्यासारखेच झाले, तेही खर्चाशिवाय. शिवाय हलक्या गाडीचे ब्रेक चांगले लागतात, टायर कमी झिजतात आणि ॲव्हरेज वाढते. हे सारे फायदे मोठ्या इंजिनाने मिळत नाहीत. स्टेपनी आणि जॅक मात्र कधीही काढू नयेत. दाराच्या आतील पट्ट्या, सीटबेल्ट किंवा बंपरच्या आतील लोखंडी बार काढून वजन कमी करणे हा तर शुद्ध आत्मघात आहे.

दुसरी गोष्ट टायरची. दिसायला छान म्हणून मोठे चाक बसवले आणि त्याचा व्यास पाच टक्के वाढला, तर चाकाला मिळणारी ओढ तितकीच कमी होते आणि स्पीडोमीटरही कमी वेग दाखवू लागतो. मूळ मापाच्या टायरवर परत गेल्यावर गाडी पुन्हा जिवंत झाल्याचे अनेकांनी कळवले आहे. एखाद्या मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीत अंतिम गिअर अधिक आखूड, म्हणजे जास्त ओढ देणारा, असेल आणि तो गिअरबॉक्स मिळत असेल, तर शहरात त्याचा चांगला उपयोग होतो, पण महामार्गावर इंजिन जास्त फेऱ्यांवर ओरडत राहते.

६. टॉर्क महत्त्वाचा की अश्वशक्ती?

सिग्नल सुटल्यावर गाडी कशी उचलते हे कमी फेऱ्यांवरील टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवण्याची ओढ, आणि पहिल्या दोन गिअरांवर ठरते. लांब चढ किती वेगाने चढता येईल हे अश्वशक्तीवर ठरते. साकीनाक्याच्या कोंडीत दररोज अडकणाऱ्याने पहिल्या गोष्टीचा विचार करावा, दर शनिवारी घाट चढणाऱ्याने दुसऱ्याचा.

७. कोणते इंजिन कोणत्या गाडीत बसते?

इंजिन बाह्य आकाराने बसले म्हणजे झाले, असे नसते. ते एकाच कुटुंबातले असेल तरच काम आवाक्यात राहते. मारुतीच्या गाड्यांत अशी तीन कुटुंबे लोकांच्या बोलण्यात येतात. एफ कुटुंबात ८००, ओम्नी आणि पहिल्या अल्टोचे ७९६ सीसीचे इंजिन येते, तसेच जुन्या वॅगन आरचे १०६१ सीसीचे. जी कुटुंबात झेनचे ९९३ सीसी, एस्टीमचे आणि २००५ साली आलेल्या पहिल्या स्विफ्टचे १२९८ सीसी, आणि जुन्या बलेनोचे १५९० सीसी इंजिन येते. के कुटुंबातले ९९८ सीसीचे इंजिन आपल्याकडे २००८ साली ए-स्टारमधून आले आणि पुढे अल्टो के१० मध्येही बसले.

कुटुंबातही अपवाद असतात. जिप्सी किंगचे इंजिन १२९८ सीसीचे आणि जी कुटुंबातलेच आहे, पण ते गाडीत लांबीच्या दिशेने उभे बसते, तर एस्टीम आणि झेनमध्ये इंजिन आडवे असते. जिप्सीचे इंजिन स्वस्तात मिळाले म्हणून घेऊन टाकणाऱ्यांना नंतर संप (खालची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्सची जुळणी करताना नाकी नऊ येतात.

८. झेनमध्ये एस्टीमचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन बसवायचे ठरवले आहे. इंजिनाखेरीज काय काय बदलावे लागते?

ही सर्वाधिक विचारली जाणारी अदलाबदल आहे आणि तिचे आकर्षण मी समजू शकतो. गाडीचे वजन पंचवीस किलोंनी वाढून ७७५ झाले असे धरले, तरी गुणोत्तर ११० च्या जवळ जाते. जपानमध्ये १९८७ साली निघालेल्या सुझुकीच्या अल्टो वर्क्सचे टर्बो इंजिन ५५० सीसीचे आणि ६४ अश्वशक्तीचे होते आणि गाडीचे वजन सहाशे किलोंच्या थोडे वर होते. तिचे गुणोत्तरही शंभराच्या आसपासच येते, आणि ती गाडी वेगासाठी मुद्दाम घडवलेली होती. आपली झेन तशी घडवलेली नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. कायदेशीर बाजू प्रश्न ११ मध्ये आहे आणि ती वाचल्याशिवाय एकही पाना हातात घेऊ नये.

पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. लहान इंजिनाचा गिअरबॉक्स ठेवला तर त्यावर जादा टॉर्क येतो, म्हणून क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट मोठ्या इंजिनाचीच घ्यावी, आणि शक्य तर गिअरबॉक्स व एक्सलही त्याच गाडीचे घ्यावेत. त्यानंतर माउंटिंग. रबर नवे घ्यावे, कापून-वेल्डिंग करून बनवलेले ब्रॅकेट नको. बसवून झाल्यावर साधी परीक्षा करावी : बॉनेट उघडे ठेवून, हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून दुसऱ्याला क्लच हळूहळू सोडायला सांगावे आणि स्वतः गाडीच्या समोर न उभे राहता बाजूने पाहावे. इंजिन डोलताना रेडिएटरचा पंखा आणि जाळी यांत किमान दोन बोटांचे अंतर राहिले पाहिजे, आणि सायलेन्सरचा पाइप कुठेही पत्र्याला लागता कामा नये. ही परीक्षा न करता रस्त्यावर आणलेल्या एका गाडीच्या पंख्याने पहिल्याच मोठ्या खड्ड्यात रेडिएटर फाडल्याचे मी पाहिले आहे.

कार्बोरेटरच्या जुन्या झेनमध्ये एमपीएफआय इंजिन टाकायचे असेल, तर टाकीत दाबाचा पंप, परतीची पेट्रोल लाइन, पूर्ण वायरिंग आणि त्याच इंजिनाचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, लागतो. वायरिंग तुकड्या-तुकड्यांनी जोडू नये. मुंबईच्या पावसाळ्यात पाणी नेमके त्या जोडांत शिरते आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. यांखेरीज रेडिएटर मोठा घ्यावा लागतो, एसी कॉम्प्रेसरचे ब्रॅकेट बदलते, पुढच्या स्प्रिंगा जादा वजनाला पुरेशा आहेत का ते पाहावे लागते आणि शेवटी अलाइनमेंट करावी लागते. माझ्या अनुभवात इंजिनाच्या किमतीपेक्षा या यादीची किंमत अधिक होते.

९. ब्रेक मूळचेच ठेवले तर चालतील का?

नाही. या उत्तरात मला सवलत देता येत नाही.

थांबवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या त्याच गाडीला थांबवताना ब्रेकवर १.५६ पट भार येतो. नव्या इंजिनाने गाडी तो वेग सहज गाठू लागते आणि चालकाच्या ते लक्षातही येत नाही. १९६१ साली ब्रिटनमध्ये मिनी कूपर आली, तेव्हा मूळ मिनीच्या ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्तीच्या जागी ९९७ सीसी आणि ५५ अश्वशक्ती आली, आणि त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही देण्यात आले. कारखान्याने शक्ती आणि ब्रेक एकत्र वाढवले. आपल्यालाही तोच क्रम पाळायला हवा, किंबहुना ब्रेक आधी करावेत आणि महिनाभर जुन्या इंजिनावर चालवून पाहावेत. मोठी डिस्क मोठ्या चाकात बसते, म्हणून चाकेही बदलतात, आणि मग प्रश्न ५ मधील टायरचा हिशोब पुन्हा करावा लागतो.

१०. कंपन्या एका गाडीचे इंजिन दुसरीत टाकतातच, मग आम्ही टाकले तर काय बिघडले?

कंपन्या टाकतात हे खरे आहे. हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा सुरुवातीला ॲम्बॅसडरच्या १४८९ सीसी इंजिनावर निघाली, त्या देखण्या आणि जड गाडीला ते पुरे पडत नव्हते, आणि पुढे तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले. कुर्ल्याच्या प्रीमियरने ११८ एनई या गाडीला निसानचे ११७१ सीसीचे इंजिन दिले. अल्टोच्या त्याच चेहऱ्यामोहऱ्यात ४७ अश्वशक्तीचे आणि ६७ अश्वशक्तीचे अशी दोन्ही इंजिने आपण पाहिली, आणि अल्टो के१० आणताना कंपनीने गिअर बदलण्याची यंत्रणाही नवी, केबलची दिली.

यात कंपनी केवळ इंजिन बदलत नाही. ती पत्रा, माउंटिंग, ब्रेक, थंड ठेवण्याची व्यवस्था आणि धूर या सर्वांची चाचणी घेते आणि त्या गाडीला नवे मान्यतापत्र मिळते. आपल्या गॅरेजमध्ये यातील पहिल्या चार गोष्टी मेहनतीने साधता येतात, पाचवी येत नाही.

११. मोठ्या सीसीचे इंजिन टाकणे कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीसी हा त्यातलाच एक तपशील आहे. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालवायच्या ८०० किंवा झेनमध्ये मोठे इंजिन बसवण्याचा सल्ला मी देत नाही. "आरटीओत ओळख आहे, होऊन जाईल" असे सांगणारा मिस्त्री पुढे अपघात झाल्यावर न्यायालयात आपल्या शेजारी उभा राहणार नाही.

१२. इंजिन त्याच मॉडेलचे आणि तितक्याच सीसीचे असेल तर?

येथे परिस्थिती वेगळी आहे, कारण सीसी, इंधन आणि सिलिंडरांची संख्या तीच राहते आणि केवळ इंजिन नंबर बदलतो. तरीही तो नंबर आरसीवर असतो, म्हणून ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, जेथे आपली नोंदणी असेल त्या आरटीओकडे आधी अर्ज करून लेखी परवानगी घ्यावी. इंजिनाचे बिल, विमा, पीयूसी आणि आरसी जवळ ठेवावी. कलम ५२ मध्ये बदलानंतर १४ दिवसांत कळवण्याचीही तरतूद आहे. परवानगीशिवाय त्याच प्रकारचे इंजिन टाकण्याची जी सूट कधीकधी सांगितली जाते, ती राज्य शासनाच्या आदेशाने किमान दहा व्यावसायिक वाहने असणाऱ्या मालकांसाठी आहे, घरगुती गाडीसाठी नाही.

गाडीची पंधरा वर्षे होऊन नोंदणीचे नूतनीकरण जवळ आले असेल तर हे काम त्याआधीच पूर्ण करावे. तपासणीच्या वेळी इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी अडकते.

१३. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून सेकंडहँड इंजिन घेताना काय पाहावे?

सर्वांत आधी इंजिन नंबर. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून, नाव सांगत नाही, एक इंजिन घेतले. ते स्वच्छ धुतलेले, नवा चंदेरी रंग दिलेले, दिसायला उत्तम होते. घरी आणून ब्लॉकवरची नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसली, तेव्हा रंगाखाली ग्राइंडरचे बारीक समांतर ओरखडे उजळले आणि नंबराचा मागमूस नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत. ते इंजिन चोरीचे होते की नाही हे मला कधीच कळले नाही, पण त्याचा कोणताही कायदेशीर उपयोग उरला नव्हता. तेव्हापासून मी रंगवलेले इंजिन घेतच नाही. तेलकट, धुळीने माखलेले इंजिन अधिक खरे बोलते.

दुसरे म्हणजे दुकानदाराला बॅटरी लावून स्टार्टरवर फिरवायला सांगावे आणि प्रश्न ४ प्रमाणे कॉम्प्रेशन तेथेच मोजावे. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहावे. दुधाळ चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे, आणि २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत हा प्रश्न विचारणे अंगवळणी पडले पाहिजे होते. "हाफ इंजिन" आणि "फुल इंजिन" यांत काय काय येते हे बोलून नव्हे, बिलावर लिहून घ्यावे. ईसीएम, वायरिंग, सेन्सर आणि माउंटिंग एकाच गाडीतून उतरलेले घेतले तर नंतरची अर्धी डोकेदुखी वाचते.

१४. विमा कंपनीला कळवायलाच हवे का?

हवे. न कळवलेल्या बदलामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आरसीवर नवा नंबर चढला की त्याची प्रत देऊन पॉलिसीवर नोंद करून घ्यावी.

१५. सीएनजी बसवल्यापासून गाडी चढत नाही. यावर मोठे इंजिन हा उपाय आहे का?

सीएनजीमुळे गुणोत्तराला दोन्ही बाजूंनी फटका बसतो. शक्ती कमी होते आणि सिलिंडरचे वजन वाढते. कंपनीने बनवलेल्या वॅगन आरच्या एक लिटर इंजिनातही पेट्रोलवरील ६७ अश्वशक्तीची सीएनजीवर ५७ होते. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत, ट्यूनिंग नीट नसेल तर, घट आणखी जाणवते. त्यात साठ लिटरच्या टाकीचे लोखंड मागच्या चाकांवर येते आणि मागच्या स्प्रिंगा बसतात.

उपाय साधे आहेत : किटचे ट्यूनिंग करून घ्यावे, प्लगचे अंतर आणि एअर फिल्टर पाहावा, मागच्या स्प्रिंगा बदलाव्यात आणि लांब चढ पेट्रोलवर चढावेत. किट मान्यताप्राप्त असले पाहिजे आणि आरसीवर इंधनाचा बदल नोंदलेला असला पाहिजे. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. ती चुकवणाऱ्यांचे मला फार वाईट वाटते, कारण तो सिलिंडर त्यांच्याच मुलांच्या पाठीमागे असतो.

१६. माझी गाडी बीएस-६ आहे. तिच्यात वरच्या मॉडेलचे इंजिन बसेल का?

बसवू नये. बीएस-६, म्हणजे धुराचे कडक मानक पाळणाऱ्या, एप्रिल २०२० नंतरच्या गाडीत इंजिन, ईसीएम, इमोबिलायझर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि मीटर एकमेकांशी सतत बोलत असतात. एक भाग परका निघाला की दिवा लागतो आणि गाडी शक्ती आवरती घेते. प्रश्न ११ तर आहेच.

१७. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन टाकले तर टॉर्क मिळेल आणि पैसेही वाचतील ना?

टॉर्क मिळेल, पण सोबत पुढच्या चाकांवर बरेच जादा वजन येईल. मारुतीने स्वतः झेन आणि एस्टीममध्ये प्यूजोचे १५२७ सीसीचे डिझेल इंजिन दिले होते, आणि त्यासाठी गाडीच्या पुढच्या भागात आवश्यक ते बदल कारखान्यातच केले होते. गॅरेजमध्ये तसे करणे, वर इंधन बदलल्याने आरसीचा आणि धुराचा प्रश्न, हे सारे पाहता वाचवलेले पैसे परत येत नाहीत. एकेकाळी मुंबईतील पद्मिनी टॅक्सींमध्ये डिझेल इंजिने सर्रास दिसत, पण तो काळ, ते नियम आणि त्या टॅक्सीही आता राहिल्या नाहीत. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

१८. नॅनोमध्ये मोठे इंजिन?

नॅनोचे दोन सिलिंडरांचे ६२४ सीसी इंजिन मागे आहे आणि मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद आहेत, ते याच वजनाच्या हिशोबाने. मागचे वजन वाढवले की वळणावर गाडीचा तोल बदलतो आणि ते दुरुस्त करणे गॅरेजच्या आवाक्याबाहेरचे आहे. सुमारे ६०० किलो आणि ३८ अश्वशक्ती, म्हणजे ८०० पेक्षा तिचे गुणोत्तर मुळातच चांगले आहे.

१९. इंजिन काढून इलेक्ट्रिक मोटर बसवता येते का?

कलम ५२ मध्ये वेगळ्या इंधनासाठी किंवा बॅटरीसाठी मान्यताप्राप्त किट बसवण्याची स्पष्ट तरतूद आहे, म्हणून कायद्याच्या दृष्टीने हा मार्ग मोठ्या पेट्रोल इंजिनापेक्षा सरळ आहे. किट पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने आपल्याच मॉडेलसाठी तपासलेले हवे. दुसऱ्या मॉडेलचे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याकडे जाऊ नये. मोटर शून्य फेऱ्यांपासून टॉर्क देते, त्यामुळे शहरात गाडी चपळ वाटते, पण बॅटरीचे वजन प्रश्न ३ मधील हिशोबात धरावे.

२०. गाडी फक्त शर्यतीसाठी वापरायची असेल तर?

तर हा छंद मनापासून करावा. गाडी ट्रेलरवर चढवून न्यावी, रस्त्यावर चालवू नये. मुंबईत ट्रॅक नाही, चेन्नई किंवा कोइंबतूर गाठावे लागते, आणि स्पर्धेत उतरायचे असेल तर देशातील मोटार क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा, सीटचे पट्टे आणि अग्निशामक लागतात. शक्ती-वजन गुणोत्तराची खरी गंमत तेथे कळते. आपल्या ८०० चेच इंजिन फॉर्म्युला मारुती या एका आसनाच्या हलक्या गाडीत बसवून आपल्याकडच्या अनेक तरुणांनी शर्यतीचे पहिले धडे घेतले आहेत.

२१. मी घेतलेल्या जुन्या गाडीत आधीच्या मालकाने इंजिन बदललेले निघाले. आता काय करू?

नंबर आधी स्वतः पाहून घ्यावा. ब्लॉकवरील नंबराचा आणि आरसीचा फोटो शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवावे, कारण कधीकधी आरसीवरील टंकलेखनाची चूकच असते आणि ती अर्ज करून दुरुस्त होते. इंजिन खरोखर वेगळे पण त्याच मॉडेलचे असेल, तर विक्रेत्याकडून इंजिनाचे बिल मिळवून प्रश्न १२ प्रमाणे आरटीओकडे जावे. बिल नसेल किंवा नंबर घासलेला असेल, तर गाडी चालवणे थांबवून प्रथम पोलिसांत लेखी माहिती द्यावी आणि तिची पोच घ्यावी. पुढे ते इंजिन चोरीचे निघाले, तर आपण ते लपवले नव्हते याचा तेवढाच पुरावा आपल्या हाती असतो.

मोठ्या सीसीचे इंजिन निघाले, तर मूळ मापाचे, बिल असलेले इंजिन शोधून ते परवानगीने बसवणे हाच मार्ग राहतो. खर्च होतो, आणि तो विक्रेत्याकडून मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. गाडी घेताना झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे पुसून टाकू नये.